न खाण्याचे कांदे

डॅफोडिल या फुलाशी माझी पहिली ओळख पाठांतरातून झाली. माझ्या पिढीतल्या पुष्कळ मराठी माणसांची तशीच झाली असणार. वर्डस्वर्थची ती कविता आम्हांला शाळेत होती. मास्तरांनी 'डॅफोडिल म्हणजे एक प्रकारचे पिवळे फूल' असा अर्थ वहीत उतरवून दिला आणि पुढच्या कडव्याला हात घातला. ते फूल त्यांनीही कधी पाहिलेलं नव्हतं. न पाहिलेल्या वस्तूचा अर्थ सांगता येणं यालाच तेव्हा सातारला इंग्रजी शिकवणं म्हणत. मी आपली शेवंती डोळ्यांपुढे आणली आणि दहा मार्कांचं रसग्रहण लिहून मोकळा झालो. शेजारच्या बाकावरच्या मुलाने झेंडू डोळ्यांपुढे धरला होता. त्याला माझ्यापेक्षा एक मार्क जास्त पडला.

पुढे कधीतरी वाचनात आलं की वर्डस्वर्थने ती फुलं १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तळ्याच्या काठी पाहिली आणि त्या वेळी त्याची बहीण डोरोथी बरोबर होती. डोरोथीबाईंनी तो देखावा आपल्या रोजनिशीत छान टिपून ठेवला. भाऊरायांनी दोन वर्षांनी, १८०४ मध्ये, कविता केली, १८०७ मध्ये छापली, आणि कवितेत बहिणीचा पत्ताच नाही. त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन ओळी तर बायकोने सुचवलेल्या, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. म्हणजे पाहायचं बहिणीने, सुचवायचं बायकोने आणि कवी म्हणून मिरवायचं यांनी. ही पद्धत फक्त आपल्याकडे आहे अशी माझी समजूत होती.

पण एक गोष्ट मास्तरांनी सांगितली नाही आणि कवीने तर नाहीच नाही. या फुलाच्या खाली कांदा असतो. चांगला घसघशीत, तपकिरी सालीचा, लासलगावच्या बाजारात चुकून सांडला तर लिलावात भाव मिळवील असा कांदा. हे ज्ञान मला वयाच्या ६६व्या वर्षी, रेडिंग मुक्कामी झालं.

रेडिंग हे लंडनच्या पश्चिमेचं गाव. स्पेलिंग वाचनाचं, उच्चार भलताच. मुलगी आणि जावई तिथे असतात. २०२३च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं सहा महिन्यांच्या व्हिसावर तिथे उतरलो. विमानतळावरून घरी जाताना रस्त्याच्या कडेला, चौकाच्या मधल्या गोलात, चर्चच्या कुंपणाशी, जिकडे बघावं तिकडे पिवळे कर्णे लावलेली फुलं. मी गाडीत जवळजवळ ओरडलोच, "हेच ते!"

"काय?" जावयाने घाबरून ब्रेक दाबला.

"दहा मार्कांचं!"

"शेवंतीसारखं कुठाय?" ही मागच्या सीटवरून म्हणाली. लग्नानंतर केव्हातरी मी तिला त्या रसग्रहणाबद्दल सांगितलं होतं. ही काही विसरत नाही.

मुलीच्या शेजारी एक ८४ वर्षांचे गृहस्थ राहत. नात त्यांना 'नेक्स्टडोअर आजोबा' म्हणे, म्हणून आम्हीही सगळे तेच म्हणायला लागलो. जन्मभर नकाशे काढण्याच्या नोकरीत गेलेला माणूस. बाग अशी की पट्टी लावून आखावी. आणि त्या आखीव बागेत, मागल्या दाराशी, हिरव्या पातीचं एक रान माजलेलं, आणि त्यात फुलं मोजून दोन. गावभर डॅफोडिलची लयलूट चाललेली असताना हा काय प्रकार म्हणून मी कुंपणावरून चौकशी केली.

आजोबांनी सांगितलेली हकीकत अशी. लावले तेव्हा ते पंधरा कांदे होते. लावले त्यांच्या पत्नीने, यांनी फक्त खड्डे खणले. ती बाई दर चार-पाच वर्षांनी सगळे उपटायची, वेगळे करायची आणि पुन्हा लावायची. २०१८ साली ती गेली. तेव्हापासून कुणी जमिनीत हात घातला नाही.

आता कांद्याचा स्वभाव असा की त्याला पिल्लं होतात. पिल्लं मोठी होतात, त्यांना पिल्लं होतात, आणि कुणीच घर सोडत नाही. आमचा सातारचा वाडा डोळ्यांपुढे आणा. एका आडाचं पाणी, एक परसू, आणि चार चुलत्यांची मिळून सत्तावीस माणसं. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, काय गोकुळ आहे! आत तांब्याभर गरम पाण्यावरून महाभारत. डॅफोडिलचं तेच होतं. गर्दी वाढली की जो तो पानं काढून उन्हासाठी मान वर करतो, फुलापर्यंत मजल कुणाचीच जात नाही. अशा कांद्याला तिकडचे माळी 'आंधळा' म्हणतात. एकत्र कुटुंबाला इतका नेमका शब्द आपल्या समाजशास्त्रज्ञांनाही सुचलेला नाही.

पण गर्दी हे अर्धंच कारण. दुसरं आजोबांनी जरा थांबून सांगितलं. फूल सुकून गेलं की डॅफोडिलची पानं आडवी होतात, लोळतात, पिवळी पडतात. वरात गेल्यावरच्या मांडवासारखी बागेला कळा येते. नीटनेटक्या माणसाला ते बघवत नाही. काही लोक त्या पानांच्या वेण्या घालतात, काही रबरबँड लावतात, काही सरळ गवताबरोबर कापून टाकतात. आणि खरी कामाची वेळ तर तीच. पान उन्हावर अन्न तयार करून खाली कांद्यात भरत असतं, आणि त्याच दिवसांत कांद्याच्या पोटात पुढच्या वर्षीचं फूल आकार घेत असतं. म्हणून फूल गेल्यापासून निदान सहा आठवडे पानांना हात लावायचा नाही, असा नियम. त्यावरून या नवरा-बायकोचं दर मे महिन्यात भांडण होई. हे गवत कापायचं यंत्र बाहेर काढत आणि ती त्याच्यापुढे उभी राही.

"गेली पाच वर्षं मी बाग अगदी व्यवस्थित ठेवली आहे," आजोबा म्हणाले आणि त्या दोन फुलांकडे बघत राहिले.

मी हवेबद्दल काहीतरी बोललो. त्या देशात हवेची मोठी सोय आहे.

एप्रिलमध्ये कळलं की आजोबा घर विकून डेव्हनला मुलाकडे राहायला जाणार. ताबा १६ मेला द्यायचा. घेणाऱ्या जोडप्याला स्वयंपाकघर मागे वाढवायचं होतं, म्हणजे बरोबर त्या पातीच्या रानावर काँक्रीट पडणार. इंग्लंडात घर विकताना जमिनीत लावलेलं झाडझुडूप घराबरोबर जातं. तुम्हांला काही न्यायचं असेल तर आधी एका छापील फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. पडदे, दिवे, गालिचे, बागेतली झाडं, सगळ्याला रकाने. आजोबांनी सगळं घर देऊन टाकलं होतं, पडद्यांच्या कड्यांसकट. 'नेणार' या बाजूला एकच नोंद होती : मागल्या दाराजवळचे डॅफोडिल. आमच्या वाड्याच्या वाटणीत एका पाटावरून दोन चुलते बारा वर्षं कोर्टात होते, त्यामुळे हा फॉर्म बघून माझा ऊर भरून आला.

अडचण एवढीच की कांदे काढायचे ते पानं पुरती वाळल्यावर, म्हणजे जूनमध्ये. मेच्या मध्यावर पानं हिरवीच. तेव्हा काढून सुकवले तर कांदा उपाशी राहणार आणि आतलं फूल अर्धवट. आणि थांबावं तर काँक्रीट. यावर तोड अशी की मुळांभोवतीच्या मातीसकट ढेकूळच्या ढेकूळ उचलायचं, लगेच दुसरीकडे चरात बसवायचं, पाणी द्यायचं आणि पानं तिथे वाळू द्यायची. थोडक्यात, भाड्याच्या खोलीत बाळंतपण उरकायचं. जागा आमच्या मुलीच्या बागेत होती. खणणार कोण? आजोबांचा खुबा बदललेला. जावयाला पाठदुखी.

"बाबा खणतील," मुलगी म्हणाली. मी तेव्हा पेपर वाचत होतो.

या कामाला कुदळ-फावडं चालत नाही, कांदा चिरला जातो. चार दातांचा लोखंडी काटा असतो, तो रोपापासून चांगला हातभर लांब रोवायचा आणि खालून उचकटायचा. आजोबा खुर्ची टाकून बसले होते. मी काटा टेकवला की म्हणत, "आणखी लांब." सरकवला की, "आणखी." असं करता करता मी जवळपास आमच्याच कुंपणाशी आलो. पण पहिलं ढेकूळ वर आलं तेव्हा सगळेच गप्प झाले. मातीत दाटीवाटीने चिकटलेले कांदे, एकमेकांना रेटून बाजूंनी चपटे झालेले, वरच्या गाडीत जागा न मिळाल्यासारखे एकावर एक चढलेले. सात ढेकळं निघाली. ढकलगाडीतून ती आमच्याकडे आली आणि चरात बसली. तीन दिवसांनी आजोबा डेव्हनला गेले. जाताना हात हातात घेऊन "सप्टेंबर" एवढंच म्हणाले.

जूनअखेर पानं वाळून कागद झाली, नुसती ओढली की हातात येत होती. मग कांदे पुन्हा काढले, माती झटकली आणि आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर पसरून ठेवले. हातमोजे घालायचे अशी ताकीद होती, कारण या झाडाच्या चिकात सुयांसारखे बारीक स्फटिक असतात आणि हाताला खाज सुटते. फुलं तोडणाऱ्या मजुरांना हा त्रास नेहमीचा. मी हे नवलाने वाचून दाखवलं तर ही म्हणाली, "मग अळूसारखंच की." खरोखरच तोच पदार्थ, कॅल्शियम ऑक्झलेट. जे कळायला मला दीड पान वाचावं लागलं ते हिला फदफद्यावरून माहीत होतं.

कांदे वेगळे करायचं शास्त्र सोपं आहे. आईला चिकटलेलं पिल्लू हलक्या हाताने पिळायचं. सुटलं तर ते स्वतंत्र व्हायला तयार आहे. नाही सुटलं तर ओढायचं नाही, कारण बुडाची चकती फाटली तर मुळं फुटत नाहीत. दोन शेंडे असलेला जोडकांदा तसाच ठेवायचा, त्याला तिकडच्या व्यापारात 'दोन नाकांचा' म्हणतात आणि तो जास्त फुलं देतो. (आमच्याकडे दोन नाकं असती तरी दोन्ही मुरडण्यातच गेली असती.) आणि मऊ लागेल तो फेकायचा. एक गांधीलमाशीएवढी, भुंग्यासारखी दिसणारी माशी असते. पानं वाळायला लागली की ती मानेशी अंडी घालते, अळी आत शिरते आणि सगळा गर खाऊन टाकते. वरून कांदा साजूक दिसतो, दाबला की भसकन् आत जातो.

इथे मात्र पुस्तक बाजूला पडलं. तीस वर्षं पुण्याच्या मंडईत कांदे दाबून घेतलेला अंगठा तो. हिने एकेक कांदा उचलला, दाबला आणि न बघता डावीकडे किंवा उजवीकडे टाकला. वीस मिनिटांत १३१ कांद्यांचा निकाल. बाद १७. मी शंका म्हणून बाद झालेल्यांपैकी एक कापून बघितला. आत अळी होती. दुसरा कापायची मला परवानगी मिळाली नाही.

मग साठवण. कोरडं, थंड, वारा खेळता. इंग्रज लोक जाळीच्या पिशव्या वापरतात, नाहीतर बायकांचे जुने पायमोजे. पायमोजे हिला पसंत पडेनात. भारतीय दुकानातून आणलेल्या पाच किलो कांद्याची लाल जाळी घरात होती, तिच्यात भरून ती गॅरेजमध्ये खुंटीला टांगली. नाशिककडची कांदाचाळ याच तत्त्वावर उभी असते. एवढंच, की कांद्याच्या जाळीत कांद्यासारखी दिसणारी वस्तू भरून ती कांद्याच्या जागी टांगली, तर बघणाऱ्याने काय समजावं?

जुलैमध्ये विहीणबाई पंधरा दिवस राहायला आल्या. एक दिवस पाऊस लागला. पाऊस लागला की विहीणबाईंना भजी सुचतात, आणि त्यांच्या हातच्या भज्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ही अंघोळीला गेलेली. विहीणबाईंनी गॅरेजमधून कांदे आणले आणि चिरायला घेतले. "इथले कांदे बाई अगदीच निस्तेज," त्या म्हणाल्या. "तीन चिरले, डोळ्यांत टिपूस नाही."

केस पुसत बाहेर आलेल्या हिने एवढंच वाक्य ऐकलं. विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी नाही म्हटल्यावर हिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो विहीणबाई, थांबा!" अशी जी किंकाळी तिने फोडली, तशी ती लग्नात मानपानावरूनसुद्धा फोडली नव्हती.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हे ती. डॅफोडिलचा कांदा विषारी असतो. खाल्ला की उलट्या, पोटात मुरडा. २००९ साली सफोक परगण्यातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांनी सूप केलं, त्यात बागेतला असा एक कांदा पडला आणि पोरं आजारी पडली. २०१५ साली तर तिथल्या सरकारी आरोग्यखात्याने दुकानदारांना कळवलं की डॅफोडिल भाजीपाल्याजवळ मांडू नका. खारी ट्यूलिपचे कांदे उकरून उकरून खातात, पण याला तोंड लावत नाहीत. त्या संध्याकाळी जाळीवर मोठी पाटी लागली, मराठीत : 'खायचे नव्हेत.' विहीणबाई दोन दिवस हाताला कोकम चोळत होत्या आणि आमच्याशी मोजकंच बोलत होत्या. १९९८ साली कांद्यापायी दिल्लीचं सरकार पडलेलं मी पाहिलंय. त्यामानाने आम्ही थोडक्यात सुटलो.

राहिले १११. त्यांतले चाळीस मोठे, एकाहत्तर बारके. हिची पहिली इच्छा थोडे पुण्याला न्यायची होती. मी सांगितलं की आतल्या फुलाला वर यायला दोन-तीन महिन्यांची चांगली थंडी लागते. "फ्रिजमध्ये ठेवू," ही म्हणाली. शिवाय परदेशातून झाडं-कंद न्यायचे तर परवाने आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. "अंगठ्याने दाबून बघितलेत म्हणावं," ही म्हणाली. पण ती मनातून हटली होती. डोसापिठाशेजारी पुन्हा कांदे ठेवायची तिची तयारी नव्हती.

वाटणी हिनेच केली. बारका कांदा फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. आजोबा ८४चे. तेव्हा मोठे चाळीसच्या चाळीस त्यांना आणि बारके आपल्याला, असा सरळ न्याय. ऑगस्टअखेर त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला आणि पिशवी घेऊन गेला. रात्री आजोबांचा फोन. मुलीने सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"मोजले. चाळीस. सगळे मोठेच आहेत."

"हो, आईने निवडून दिलेत."

"बारके कुठे आहेत?"

मुलीने शक्य तितक्या नाजूकपणे सांगितलं की बारक्यांना तीन वर्षं लागतील, म्हणून म्हटलं की... पलीकडे जरा वेळ शांतता.

"म्हणजे मी ८७चा असेन," आजोबा म्हणाले. "अर्धे पाठवा. मोठ्यांतले वीस मी परत पाठवतो. टपालखर्च माझा."

अशी ती वाटणी फिरून झाली. एकाहत्तरचे अर्धे साडेपस्तीस. छत्तीसचा आकडा शेजाऱ्याला पाठवू नये म्हणून हिने पस्तीस मोजून घातले. उरलेले छत्तीस आपल्याच घरात राहिले हे मी तिच्या लक्षात आणून दिलं नाही.

परतीचं विमान ५ सप्टेंबरचं. आदल्या दिवशी नातीला बरोबर घेऊन आमच्या वाटणीचे लावले. कांद्याच्या उंचीच्या तिप्पट खोल, दोन कांद्यांत दोन कांद्यांचं अंतर, शेंडा वर. "वर कुठलं ते कसं कळतं?" नातीने विचारलं. नाक असतं तिकडे वर, असं मी सांगितलं. तिने प्रत्येक कांद्याचं नाक शोधून त्याला एकदा बोट लावलं, त्यामुळे सव्वा तासाच्या कामाला सगळी दुपार गेली.

२०२४च्या मार्चमध्ये मुलीने फोटो पाठवला. आमच्या वीस मोठ्यांपैकी अकरा फुलले होते. ऐन हिरव्यात उपटलेल्या कांद्यांना हे काही वाईट नाही. आजोबांकडे तेरा. त्यांनी फुलांचा नकाशाच काढून धाडला, खाली प्रमाण दिलेलं.

मे महिन्यात मुलीला त्यांच्या मुलाचा फोन आला. आवाज जरा त्रासलेला. मागे गवत गुडघाभर वाढलंय, पिवळी पानं सगळीकडे लोळताहेत, यंत्र बाहेर काढलं की वडील खुर्ची उचलून त्याच्यापुढे येऊन बसतात. हे किती दिवस चालणार, तुम्हांला काही कल्पना आहे का?

"सहा आठवडे," मुलगी म्हणाली.

"कधीपासून?"